बेल्ट आहे, पण तो अडकवायचा कुठे?

वाचकांचे प्रश्न : छतावरची कामे

वैशाख लागला की नाशिकमध्ये छतांवर माणसे दिसू लागतात. जूनच्या पहिल्या सरींपूर्वी गच्चीचे वॉटरप्रूफिंग उरकायचे असते, शेडचे गळके पत्रे बदलायचे असतात, कांदाचाळी झाकायच्या असतात, आणि अलीकडे त्यात सौर पॅनेलची भर पडली आहे. या महिन्याच्या टपालातही छतावरच्या कामांबद्दलची पत्रे बरीच होती. त्यांतील सात येथे घेतली आहेत. मी नोकरीची बरीच वर्षे सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत सुरक्षा अधिकारी म्हणून काढली असल्यामुळे काही प्रसंग स्वतः पाहिलेले आहेत. ते जेथे सांगितले आहेत तेथे कारखान्याचे नाव मुद्दाम दिलेले नाही.

प्रश्न : गंगापूर रोडवरील आमच्या दुमजली बंगल्याच्या गच्चीवर तीन किलोवॉटचे सौर पॅनेल बसवायचे आहेत. गच्चीचा कठडा अडीच फुटांचा आहे. खाली कपडे वाळत घालता यावेत म्हणून पॅनेलचा सांगाडा उंच करायचे ठरले आहे. काम घेणारे गृहस्थ म्हणतात, मुलांकडे सेफ्टी बेल्ट आहेत, तुम्ही काळजी करू नका. एवढे पुरेसे आहे का?

उत्तर : पुरेसे नाही, आणि त्याचे कारण बेल्टपेक्षा तुमच्या सांगाड्यात अधिक आहे. अडीच फुटांचा कठडा उभ्या माणसाच्या जेमतेम मांडीपर्यंत येतो. तोल गेलेला माणूस त्याला अडून थांबत नाही, त्यावरून उलटतो. म्हणून कठडा कमरेच्या वर, निदान एक मीटरचा असावा लागतो. पण सांगाडा उंच केल्यावर एक मीटरचा कठडाही उपयोगाचा राहत नाही. पॅनेलची पुढची कड सहा फुटांवर आणि मागची आठ फुटांवर असेल, तर सांगाड्यावर चढून नटबोल्ट आवळणाऱ्या मुलाचे पायच कठड्याच्या माथ्यापेक्षा वर असतात. त्याच्या दृष्टीने तुमच्या गच्चीला कठडा नाहीच. तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे सांगाडा कठड्याला चिकटवून घेऊ नका. जागा असेल तर तो चोहोबाजूंनी दीड-दोन मीटर आत घ्या, म्हणजे कोणी पडलाच तर गच्चीत पडेल. कपड्यांसाठी एवढी उंची खरोखर हवी आहे का, हेही घरात एकदा बोलून घ्या.

त्या मुलांच्या हातात काय असते तेही पाहा. ५४० वॉटचे एक पॅनेल साधारण सव्वादोन मीटर लांब, एक मीटरहून थोडे अधिक रुंद आणि २७-२८ किलो वजनाचे असते. दोघे जण ते धरून चालतात तेव्हा एकाला उलट पावलांनी जावे लागते, आणि दुपारनंतर धरणाच्या बाजूने वारा सुटला की पॅनेल शिडासारखा वारा धरते. अशा वेळी माणूस पॅनेल सोडत नाही, कारण त्याची किंमत त्याला ठाऊक असते. तो पॅनेलबरोबर जातो. पॅनेल वर चढवण्याचे आणि बसवण्याचे काम सकाळी लवकर, वारा पडलेला असताना करावे.

आता बेल्ट. काम घेणाऱ्याला एकच प्रश्न विचारा : याचा हुक कुठे अडकवणार? मला आजवर मिळालेली उत्तरे अशी आहेत : टाकीचा पाइप, डिशचा स्टँड, आणि ज्या सांगाड्याचे बोल्ट अजून आवळायचे आहेत त्याच सांगाड्याचा पाय. यांपैकी एकही गोष्ट पडत्या माणसाचा हिसका झेलू शकत नाही. तुमच्या गच्चीवर भरवशाची जागा बहुधा एकच सापडेल, ती म्हणजे जिन्यावरच्या खोलीचे काँक्रीटचे कॉलम. त्याभोवती पट्ट्याचा किंवा तारदोराचा फास घालून त्यातून दोर काढता येतो, मात्र कॉलमच्या धारेवर दोर घासू नये म्हणून मध्ये जाड रबर किंवा गोणपाट हवे. दोराची लांबी एवढीच ठेवायची की गच्चीच्या कडेपर्यंत माणूस पोहोचणारच नाही. पडणाऱ्याला झेलण्यापेक्षा त्याला कडेपर्यंत जाऊच न देणे केव्हाही बरे. काम सुरू होण्यापूर्वी त्या मुलाला दोर बांधून चारही कोपऱ्यांकडे चालायला सांगा. दोर ताणला जाऊन तो हात-दीड हात अलीकडे थांबला तर लांबी बरोबर आहे. एखाद्या कोपऱ्यात तो कडेला पोहोचत असेल, तर त्या कोपऱ्यासाठी दोर आखूड करावा लागेल किंवा दुसरी जागा शोधावी लागेल.

प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळते आणि बहुतेक घरमालकांचे लक्ष कोटेशन वाचताना त्याच आकड्यावर असते. त्याच कोटेशनमध्ये दोर, दोर बांधण्याची जागा आणि शिडी यांची एक ओळ लिहून घ्या. पॅनेल पुढची वीस-पंचवीस वर्षे पुसावे लागणार आहेत आणि ते बहुधा तुम्ही किंवा घरकामाला येणारे कोणी तरी पुसणार आहे. गच्चीत उभे राहून लांब दांड्याच्या पुसण्याने पोहोचता येईल अशीच रचना करून घ्या. ओल्या काचेवर पाय ठेवण्याची वेळ कोणावरही येऊ नये.

प्रश्न : सातपूरला माझा लहान कारखाना आहे. शेडचे सिमेंटचे पत्रे पंचवीस-तीस वर्षांचे झाले आहेत. दरवर्षी पावसाआधी दोन पत्रेवाले येऊन तडे बुजवतात, चार-दोन पत्रे बदलतात. बोल्टच्या रांगेवरून चालले की पत्रा फुटत नाही, असे ते सांगतात. यंदा माझ्या मुलाने या कामाला हरकत घेतली आहे. कोणाचे बरोबर?

उत्तर : मुलाचे. बोल्टच्या रांगेखाली लोखंडी पर्लिन, म्हणजे पत्रा ज्यावर टेकतो ती आडवी तुळई, असते, एवढे पत्रेवाल्यांचे म्हणणे खरे आहे. पण सिमेंटच्या पत्र्याखालच्या दोन पर्लिनमध्ये साधारण १.४ मीटरचे अंतर असते, आणि एका रांगेवरून दुसरीवर जाताना मधल्या पत्र्यावर पाय टाकल्याशिवाय गत्यंतर नसते. रांगेवरून चालणे म्हणजे सहा-सात सेंटिमीटर रुंदीच्या लोखंडावरून चालणे, आणि तेही पन्हळीसारख्या वर-खाली असणाऱ्या पृष्ठभागावरून, हातात हत्यारे किंवा चाळीस किलोच्या घरातला नवा पत्रा घेऊन. एक पाऊल वीतभर चुकले की खाली आधार नसतो. त्यातून पत्रा जुना होतो तसा ठिसूळ होतो, आणि बोल्टच्या भोकाभोवती केसासारखे तडे गेलेले असतात ते शेवाळाखाली दिसत नाहीत. सिमेंटचा पत्रा लोखंडी पत्र्यासारखा आधी वाकून इशारा देत नाही. तो एकदम फुटतो. पत्रेवाल्यांकडे पुरावा एवढाच आहे की गेल्या वर्षीपर्यंत तो फुटला नाही.

सिमेंटच्या पत्र्याहूनही घातक असतो तो उजेडासाठी मध्येमध्ये बसवलेला प्लास्टिकचा किंवा फायबरचा पत्रा. उन्हाने त्याचा कस जातो. अशाच एका शेडवर उन्हाळ्यात आत गारवा राहावा म्हणून सगळ्या पत्र्यांना चुन्याचे दोन हात दिलेले होते आणि उजेडाचे पत्रेही त्यात रंगवून टाकले होते. पत्रा बदलायला चढलेल्या माणसाला कोणता पत्रा कसला हे वरून कळायला मार्गच नव्हता. आम्ही धावत शेडमध्ये गेलो तेव्हा तो लेथच्या शेजारी पडलेला होता. पायाचे आणि कमरेचे हाड मोडूनही तो वाचला. वर पाहिले तर पांढऱ्या छतात माणसाच्या बेताचे एक निळे भोक पडलेले होते आणि त्यातून उन्हाचा सरळ पट्टा खाली आला होता. त्या दिवसापासून मी एक सवय लावून घेतली. छतावर कोणी जाण्यापूर्वी भर दुपारी शेडमध्ये उभे राहून वर पाहायचे. चुना लावलेला असला तरी उजेडाचा पत्रा खालून फिकट उजळ दिसतो. मोभाऱ्यापासून कितव्या रांगेत आणि भिंतीपासून कितवा, हे मोजून कागदावर आकृती काढायची आणि ती वर जाणाऱ्याच्या हातात द्यायची.

काम कसे करावे याकडे येतो. सर्वांत चांगले म्हणजे वर जाऊच नये. चाकांची परांची किंवा भाड्याची सीझर लिफ्ट, म्हणजे माणसाला सरळ वर उचलणारा यांत्रिक ओटा, आत आणून पत्र्याचे हुक खालून सोडवता येतात. त्यासाठी यंत्रे एक-दोन दिवस झाकून ठेवावी लागतील आणि तेवढे उत्पादन बुडेल, हे मला माहीत आहे. वर जाणे अटळच असेल तर पत्र्यावर पाय न ठेवता फळ्यांवर ठेवावा. फळी निदान दोन फूट रुंद आणि तीन पर्लिनवर टेकेल एवढी लांब, म्हणजे दहा फुटांपर्यंत, आणि घसरणार नाही अशी बांधलेली असावी. फळ्या दोन असून भागत नाही. एकीवर उभे राहून दुसरी सरकवतानाच माणूस जातो, म्हणून तिसरी लागते. कामाच्या पट्ट्याखाली, पत्र्यांच्या जितके जवळ जमेल तितके जाळे ताणून घ्यावे. हार्नेसचा, म्हणजे खांद्यांपासून मांड्यांपर्यंत अंगाला धरणाऱ्या पट्ट्यांचा, दोर कैचीला (छत पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याला) बांधलेल्या आडव्या तारदोरात अडकवावा, पर्लिनला नाही. ज्या भागावर काम चालू असेल त्याच्या खालचा भाग दोरी लावून मोकळा ठेवावा, कारण माणूस पडला नाही तरी पत्र्याचा तुकडा आणि पाना पडतोच. आणि शेडच्या कडेची पन्हळ ही वाट नव्हे. तिच्यातून चालणाऱ्याचा तोल आतल्या बाजूला गेला की तो ठिसूळ पत्र्यावरच पडतो.

कायद्याचे म्हणाल तर कारखाने अधिनियम, १९४८ च्या ३२ व्या कलमातच उंचीवरून पडण्याची शक्यता असेल तेथे कठडा घालून किंवा अन्य मार्गाने सुरक्षितता राखण्याची अट होती, आणि तीत ‘कोणतीही व्यक्ती’ असा शब्दप्रयोग होता. केवळ हजेरीपटावरचा कामगार नव्हे. आदर्श कारखाना नियमांत ठिसूळ छताबद्दल स्वतंत्र तरतूद आहे : तीन मीटरहून अधिक खाली पडण्याचा धोका असेल तर शिडी किंवा फळ्यांशिवाय अशा छतावर माणसाला उभे करता येत नाही. नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्यांची जागा नव्या श्रमसंहितांनी घेतली असली, तरी आवारात काम करणाऱ्याच्या जिवाची जबाबदारी आवाराच्या मालकाकडेच राहते. तुमच्या शंका औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या नाशिक कार्यालयात विचारता येतील.

जाता जाता आणखी एक. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. ते कोरडे कापू, घासू किंवा झाडू नयेत. ओले करून अखंड उतरवावेत.

प्रश्न : माझे यजमान इमारतींच्या गच्चीवर वॉटरप्रूफिंगचे आणि बाहेरून रंगाचे काम करतात. आम्ही सिडकोत राहतो. ठेकेदाराने कमरेचा पट्टा दिला आहे, पण तो अडचणीचा वाटतो म्हणून ते वापरत नाहीत. आपण स्वतःच चांगला बेल्ट विकत घ्यावा का?

उत्तर : ताई, खर्च तुम्ही करण्याचा नाही. साधने देणे हे काम देणाऱ्याचे कर्तव्य आहे आणि ती मजुरीतून कापताही येत नाहीत. तरीही काय मागायचे ते माहीत असलेले बरे, म्हणून सविस्तर लिहितो.

कमरेचा पट्टा न वापरण्याचे तुमच्या यजमानांचे कारण चुकीचे असले, तरी तो पट्टा पडत्या माणसासाठी नाहीच. पडताना सगळा हिसका पोटावर आणि मणक्यावर बसतो, किंवा माणूस त्यातून निसटतो. अमेरिकेत पडणे रोखण्यासाठी असा पट्टा वापरण्यावर १९९८ पासून बंदी आहे. हवा तो खांदे, छाती आणि दोन्ही मांड्या धरणारा पूर्ण हार्नेस, ज्याची कडी पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मध्ये येते. त्यावर आय.एस. ३५२१ हा मानक क्रमांक आणि आय.एस.आय. चिन्ह पाहून घ्यावे. मांडीचा पट्टा आवळल्यावर आत सपाट तळहात जावा, मूठ जाऊ नये. अडचण होते ही तक्रार पुष्कळदा पट्टे सैल ठेवल्यामुळे असते. सैल हार्नेस चालताना सगळीकडे अडकतो.

दोराला हिसका शोषणारी घडीची पिशवी जोडलेली असते. माणूस पडला की तिची शिलाई उसवत जाते आणि हिसका मऊ होतो. येथे एक हिशेब आहे, जो मी ठेकेदारांना वारंवार सांगूनही पटत नाही. दोर दोन मीटरचा, पिशवी उसवल्यावर वाढणारी लांबी पावणेदोन मीटरपर्यंत, पाठीच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर आणि वर एक मीटर राखीव : एकूण सव्वासहा मीटर. म्हणजे दोर पायाशी बांधला असेल तर त्याखाली सुमारे वीस फूट मोकळी जागा हवी. एकमजली घराच्या स्लॅबवर, जमिनीपासून दहा-अकरा फुटांवर, असा हार्नेस घालून काम करणारा माणूस पडला तर बेल्ट त्याला थांबवण्याच्या आतच तो जमिनीवर असतो. म्हणून कमी उंचीवर दोर आखूड हवा, बांधण्याची जागा शक्यतो डोक्याच्या वर हवी, किंवा वर सौर पॅनेलच्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे कडेपर्यंत पोहोचूच न देणारा दोर हवा.

हार्नेस रोज पाहावा लागतो. उन्हाने विटलेला, थिनर किंवा ॲसिड सांडलेला, वेल्डिंगच्या ठिणग्यांनी भोके पडलेला, शिलाई सुटलेला पट्टा बाद. एकदा पडलेल्या माणसाला ज्याने धरले तो हार्नेस, वरून कितीही चांगला दिसला तरी पुन्हा वापरायचा नाही. रात्री तो सिमेंटच्या पोत्यात करणी-घमेल्याबरोबर कोंबला जातो, ते तुम्ही मात्र घरी थांबवू शकता.

आणि यजमानांना एवढे विचारा की, लटकलेल्या माणसाला खाली कोण आणि कसे घेणार हे ठरलेले आहे का. हार्नेसमध्ये निश्चल लटकून राहिले की पायांतले रक्त पायांतच साठते आणि काही मिनिटांत माणूस बेशुद्ध होऊ शकतो. अग्निशमन दलाची वाट पाहण्याइतका वेळ त्याच्याकडे नसतो. शिडी, जास्तीचा दोर आणि तो वापरता येणारी दोन माणसे जागेवरच लागतात. एकट्याने उंचीवर काम करू नये याचे हेही एक कारण आहे.

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची शेती आहे. कांदाचाळीचे पत्रे बदलायचे आहेत. गावातलीच पोरे मदतीला येतात, बाहेरचा ठेकेदार नसतो. चाळीची उंची बारा-तेरा फूट. एवढ्यासाठी बेल्ट-बिल्ट लागतो का? लोक हसतील.

उत्तर : तेरा फूट म्हणजे चार मीटर. चार मीटरवरून सुटलेला माणूस एका सेकंदाच्या आत जमिनीवर येतो आणि टेकताना त्याचा वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास असतो. मोटारसायकलवर त्या वेगाने भिंतीवर जायला तुमच्यापैकी कोणी तयार होईल असे वाटत नाही. सावरायला तेवढ्या वेळात हातही हलत नाही.

तरीही तुमच्या चाळीसाठी हार्नेसपेक्षा दुसरी व्यवस्था सोपी आहे. चाळीच्या बाहेर दोन्ही अंगांना परांची बांधून, कठड्यासाठी आडवा बांबू कमरेइतक्या उंचीवर लावून, पत्रे तिच्यावरूनच बसवावेत. पत्र्यावर चढण्याची गरज फार थोडी उरते. ट्रॅक्टरची ट्रॉली ओटा म्हणून वापरायची असेल तर चाकांना दगड लावा, ट्रॅक्टर सोडवून बाजूला घ्या, आणि वर माणूस असताना ट्रॉली हातभरही सरकवू नका. जेसीबीच्या बकेटमध्ये उभे राहून वर जाण्याची जी चाल पडली आहे ती मात्र बंद करा. बकेट माती उचलण्यासाठी असते आणि चालकाचा हात लिव्हरला चुकून लागला की ती उलटते. शिडी लावताना बारा फूट उंचीला पाया तीन फूट बाहेर घ्यावा, वरचे टोक छताच्या तीन फूट वर निघू द्यावे आणि ते तेथे बांधून टाकावे. शिडी धरायला पोरगा उभा करतात आणि तो मोबाइल पाहतो, हे मी पाहिलेले आहे.

हसण्याबद्दल काय लिहू? ज्या घरी माणूस अंथरुणाला खिळला तेथे वस्तीवर जाऊन बसा, म्हणजे हसणे थांबेल.

प्रश्न : आमच्या इंदिरानगरमधील पाच मजली सोसायटीचे गच्चीचे काम ठेकेदाराला दिले आहे. अपघात झाल्यास जबाबदारी ठेकेदाराची, असे करारात लिहून घेतले की समितीला चिंता नाही ना?

उत्तर : कराराने तुमच्यात आणि ठेकेदारात पैशाचा हिशेब ठरतो, पोलीस तपास कराराने थांबत नाही. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाखाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि निष्काळजीपणा नेमका कोणाचा हे त्या प्रसंगातील वस्तुस्थितीवरून ठरते. गच्चीवरच्या डक्टचे तोंड उघडे असल्याचे समितीला ठाऊक होते आणि ठेकेदाराला सांगितले नाही, असे निघाले तर करारातील वाक्य तुमच्या फारसे कामाला येणार नाही.

डक्टचा उल्लेख मुद्दाम केला. आपल्याकडच्या इमारतींत संडास-मोरीच्या पाइपांसाठी ठेवलेला डक्ट गच्चीवर उघडतो आणि पावसाचे पाणी जाऊ नये म्हणून त्यावर फायबरचा पत्रा टाकलेला असतो. वॉटरप्रूफिंगचे थर देताना त्यावरही रंग जातो आणि आठवड्याने तो गच्चीचाच भाग दिसू लागतो. कामाआधी त्यावर लोखंडी जाळी बसवून घ्या. खर्च सोसायटीने करावा, ती कायमची उपयोगी पडते.

ठेकेदाराकडून विम्याची पॉलिसी हातात घेऊन पाहा : कामगारांच्या नुकसानभरपाईची असली पाहिजे, तीतली कामगारसंख्या प्रत्यक्ष येणाऱ्यांइतकी असली पाहिजे आणि उंचीवरचे काम तीतून वगळलेले नसावे. पॉलिसी आहे एवढे ऐकून समित्या समाधान मानतात. पहिले पान उलटून पाहणारा सचिव क्वचितच भेटतो. कामगारांची नोंद महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे आहे का तेही विचारा. १८ ते ६० वयाच्या आणि आधीच्या वर्षात ९० दिवस बांधकामाचे काम केलेल्या कामगाराला ती करता येते, आणि नोंद असेल तर अपघातात त्याच्या घरच्यांना काही आधार मिळतो.

प्रश्न : पंचवटीतील आमच्या जुन्या वाड्याची मंगलोरी कौले शाकारायची आहेत. कारागीर अनवाणी चढतात. हे योग्य आहे का?

उत्तर : अनवाणी पायाला कौल कळते हे खरे, पण खालची रीप कुजलेली आहे की नाही हे पायाला कळत नाही. आधी माळ्यावर शिरून टॉर्चने वासे आणि रिपा पाहून घ्या, टोचणीने टोचून पाहा. मग मोभाऱ्यावर आकडा अडकवून छतावर आडवी पडणारी शिडी टाका आणि कारागिराने तिच्यावरूनच सरकावे. वळचणीच्या बाजूला गल्ली असेल तर खाली परांची आणि वर कठडा हवा.

प्रश्न : मी अंबडमध्ये मुकादम आहे. सगळी काळजी घेऊनही माणूस पडलाच, तर पहिल्या काही मिनिटांत काय करावे?

उत्तर : त्याला उचलू नका. आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया काखेत हात घालून उठवून बसवण्याची आणि तोंडाला पाणी लावण्याची असते. मान किंवा मणका दुखावला असेल तर उठवण्याने जन्माचे अपंगत्व येऊ शकते, आणि बेशुद्ध माणसाला पाजलेले पाणी श्वासनलिकेत जाते. एकाने त्याच्या डोक्याशी गुडघे टेकून दोन्ही हातांनी डोके आहे त्या स्थितीत स्थिर धरावे आणि त्याच्याशी बोलत राहावे. रक्त वाहत असेल तेथे स्वच्छ कापड दाबून धरावे. श्वास थांबला असेल तर मात्र मानेच्या दुखापतीची चिंता न करता पाठीवर सरळ करून छातीवर दाब देणे सुरू करावे. वर वीज असेल, विशेषतः सौर पॅनेल किंवा वेल्डिंगचे काम चालू असेल, तर आधी मेन बंद करून मगच जवळ जावे, कारण तो शॉक लागून पडलेला असू शकतो आणि तार अजून त्याच्या अंगाखाली असू शकते. सौर पॅनेलच्या तारांत तर मेन बंद केला तरी उजेड असेपर्यंत वीज राहते. त्यांना हात लावू नये.

उठून उभा राहिला आणि मला काही झाले नाही म्हणाला, तरी त्याला त्या दिवशी कामावर ठेवू नका आणि एकट्याला घरी पाठवू नका. डोक्यातील किंवा पोटातील रक्तस्राव काही तासांनी जाणवतो.

१०८ ला फोन करताना घोटाळा होतो तो पत्त्यात. घाबरलेला माणूस ठेकेदाराचे नाव सांगतो, कारखान्याचे जुने नाव सांगतो, ‘त्या चहाच्या टपरीसमोर’ म्हणतो, आणि गाडी वसाहतीतल्या दुसऱ्याच गल्लीत फिरत राहते. एका अपघाताच्या वेळी मी स्वतः रस्त्यावर धावत जाऊन ती परत फिरवून आणली आहे. तेव्हा शिडीच्या पायथ्याशी, सगळ्यांना दिसेल अशा जागी, प्लॉट क्रमांक, रस्ता, जवळची ठळक खूण आणि १०८ हा आकडा जाड अक्षरांत लिहिलेला पुठ्ठा सकाळीच टांगून ठेवा, आणि फोन लावल्याबरोबर एका बिगाऱ्याला त्या खुणेपाशी गाडीची वाट पाहायला उभे करा.